हात कोणी दिला?



आजचं वाचन : श्रीमद्भगवद्गीता, अध्याय १७, श्लोक २०. सोबत पुढचे दोन, २१ आणि २२.

सतराव्या अध्यायात आपला आहार झाला, यज्ञ झाला, तप झालं. आज दान. आपल्या साध्या भाषेत भाव असा : ‘द्यायलाच हवं’ एवढ्याच भावनेने जे दिलं जातं, ज्याच्याकडून परतफेडीची आशा नाही अशाला दिलं जातं, आणि योग्य जागा, योग्य वेळ, योग्य माणूस बघून दिलं जातं, ते सात्त्विक दान. काहीतरी परत मिळावं म्हणून किंवा मनात कुढत कुढत दिलेलं, ते राजस. आणि भलत्या जागी, भलत्या वेळी, अपात्राला, किंवा समोरच्याचा मान न ठेवता, तुच्छतेने दिलेलं, ते तामस.

खरं सांगू का? हा श्लोक इतकी वर्षं वाचतोय, पण प्रत्येक वेळी देणाऱ्याच्या जागी मी स्वतःलाच बघितलंय. मंदिराच्या पेटीत टाकणारा मी. स्कॅन करून अन्नदानाला पैसे पाठवणारा मी. गरिबाला ब्लँकेट देणारा मी. आपण सगळेच बहुतेक असंच वाचतो. ह्या श्लोकात घेणारासुद्धा आहे, आणि तो कधीतरी मी असू शकतो, हे डोक्यातच येत नाही.

मागच्या रविवारी एका मुलीने ते माझ्या डोक्यात घातलं.

आमच्या डोंबिवलीच्या गीता वाचनाला ती अधूनमधून येते. जीएनएमच्या दुसऱ्या वर्षाला आहे. जीएनएम म्हणजे तीन वर्षांचा नर्सिंगचा डिप्लोमा. सकाळची ड्युटी असली की अंधारातच घर सोडते, स्लो लोकल पकडते. अंगात पांढरा युनिफॉर्म, केसांचा जाळी लावलेला घट्ट अंबाडा, आणि मनगटावर सेकंदकाटा असलेलं जुन्या पद्धतीचं घड्याळ. मी एकदा विचारलं होतं, आजकाल हे घड्याळ कोण घालतं? तर म्हणाली, “दादा, पल्स मोजायला सेकंदकाटा लागतो. वॉर्डात मोबाईल काढता येत नाही.”

त्या रविवारी वाचन संपल्यावर चहा चालू होता. कोणीतरी सहज म्हणालं, “तुमचं बरंय, तुम्हाला वेगळी सेवा शोधावी लागत नाही. तुमचं कामच सेवा.” सगळ्यांनी माना डोलावल्या. ती मात्र गप्प. मग हळूच म्हणाली, “मला एक विचारायचंय. मी जे करते ते खरंच सेवा आहे का? की मी पेशंटवर शिकतेय?”

चहा तसाच राहिला.

तिने जे सांगितलं ते तिच्या परवानगीने इथे लिहितोय. हॉस्पिटलचं नाव महत्त्वाचं नाही.

पहिले काही महिने सगळं कॉलेजच्या लॅबमध्ये असतं. तिथे कॉटवर पुतळा झोपलेला असतो. त्याची चादर बदलायची, त्याला कुशीवर वळवायचं, त्याला स्पंज द्यायचा. चादरीचा कोपरा कसा मुडपायचा, ह्याचेसुद्धा मार्क असतात. इंजेक्शनसाठी रबराचा हात असतो. त्या हातात आधीच्या बॅचेसनी इतक्या सुया टोचलेल्या असतात की कुठे टोचायचं ते बघायलाही लागत नाही. पुतळा कण्हत नाही. पुतळ्याला लाज वाटत नाही. पुतळ्याची मुलगी शेजारी उभी राहून तुमच्या हाताकडे बघत नाही.

मग एक दिवस वॉर्ड. पहिल्या दिवशी तिला टीपीआर घ्यायला सांगितलं, म्हणजे तापमान, नाडी आणि श्वास. एका आजींचा हात हातात घेतला आणि घड्याळाकडे बघत मोजायला लागली. चाळीसच्या पुढे आकडा विसरली. परत सुरू केलं. परत विसरली. आजी म्हणाल्या, “मोज बाई सावकाश, मला कुठं जायचंय?” जेवायच्या सुट्टीत डबा उघडला तर सकाळी रिकामं केलेलं बेडपॅन आठवलं आणि घास खाली जाईना. पोट आठवड्याभरात सुधारलं. त्याहून अवघड गोष्ट स्पंज बाथची होती. आजूबाजूला पडदा लावायचा, अंगावर चादर ठेवायची, जेवढा भाग पुसायचा तेवढाच उघडा करायचा, हे सगळं लॅबमध्ये पाठ झालं होतं. पण पडद्याच्या आत वडिलांच्या वयाचा एक माणूस होता आणि तो छताकडे बघत होता. तिलाही कळेना कुठे बघायचं. “दादा, त्या काकांनी डोळे मिटून घेतले. मला वाटतं, माझ्यासाठी मिटले.”

आणि मग तो दिवस. मुरबाडकडचे एक आजोबा होते, शेतमजुरी करणारे. सलाईनची सुई बदलायची होती. इन्स्ट्रक्टर मॅडम म्हणाल्या, तू लाव, मी उभी आहे. तिची पहिलीच वेळ. टूर्निकेट बांधलं, शीर शोधली, स्पिरिटने पुसलं. सुई गेली, पण शिरेत नाही. बाजूला फुगलं. काढली, कापूस दाबून धरला. तिचे हात थरथरत होते आणि डोळ्यांत पाणी. मॅडम पुढे होणार तेवढ्यात आजोबांनीच दुसरा हात पुढे केला. म्हणाले, “घाबरू नको बाय. ह्या हातावर बघ.”

दुसऱ्या वेळी जमलं.

“सगळे म्हणाले, शाबास,” ती म्हणाली. “लॉगबुकमध्ये सही मिळाली. पण मला झोप लागली नाही. पहिली सुई त्यांच्या उपयोगाची नव्हती ना? ती माझ्यासाठी होती. मॅडमनी लावली असती तर त्यांना एकदाच टोचलं असतं. मग मी सेवा केली, की त्यांचा हात वापरला?”

मंडळी, मी गीतेवर रोज लिहितो. पण त्या क्षणी माझ्याकडे उत्तर नव्हतं. आणि माझ्या गप्प बसण्याला अजून एक कारण होतं.

काही वर्षांपूर्वी माझे बाबा आजारी होते. ठाणे जिल्ह्यातल्याच एका हॉस्पिटलमध्ये होते, त्याचंही नाव नको. वयामुळे बाबांच्या शिरा लवकर सापडायच्या नाहीत. एक शिकाऊ मुलगी आली. एकदा टोचलं, नाही लागलं. दुसऱ्यांदा, नाही. तिसऱ्यांदा तिने सुई उचलली आणि मी तिच्यावर ओरडलो. वॉर्डभर ऐकू जाईल इतक्या जोरात. “माणूस आहे तो, तुमची प्रॅक्टिसची बाहुली नाही! येत नसेल तर हात लावू नका!” ती मुलगी मागच्या मागे निघून गेली. मोठ्या सिस्टर आल्या आणि त्यांनी सुई लावली. मला वाटलं, मी बाबांचं रक्षण केलं.

बाबा त्या दिवशी संध्याकाळपर्यंत माझ्याशी बोलले नाहीत. मग एवढंच म्हणाले, “हात माझा होता. मी तिला देत होतो. तू मधे कशाला आलास?”

तेव्हा मला हे वाक्य आजारी माणसाचा हट्ट वाटलं होतं. रविवारी त्या मुलीचं ऐकताना ते वाक्य पहिल्यांदा नीट ऐकू आलं. बाबा ‘देत होतो’ म्हणाले होते.

आता श्लोकाकडे परत येऊ. ह्या वेळी देणाऱ्याच्या जागी कॉटवरच्या माणसाला ठेवून वाचू.

द्यायलाच हवं म्हणून दिलेलं. त्या आजोबांना दुसरा हात पुढे करायची कोणी सक्ती केली नव्हती. मॅडम पुढे येतच होत्या. पोरगी शिकली पाहिजे, एवढंच त्यांना दिसलं.

परतफेड न करणाऱ्याला दिलेलं. ती मुलगी त्या आजोबांना काय परत देणार? ती पुढे चांगली नर्स होईल तेव्हा त्याचा फायदा होणार तो दुसऱ्या कोणाला तरी. आजोबांच्या वाट्याला फक्त पहिली, चुकलेली सुई.

योग्य जागा, योग्य वेळ, योग्य माणूस. रुग्णालय ही जागा, शिकण्याचं वय ही वेळ, आणि जिचे हात थरथरतायत पण जी पळून गेली नाही, ती पात्र.

तिन्ही अटी पूर्ण झाल्या. आपण ज्यांना ‘बिचारा पेशंट’ म्हणतो, तो त्या सकाळी सात्त्विक दान करत होता, आणि पांढऱ्या युनिफॉर्ममधली मुलगी दान घेणारी होती. आणि नुसता हातच दिला असं नाही. ज्या काकांनी डोळे मिटले त्यांनी आपली लाज दिली. ज्या आजींनी ‘मोज सावकाश’ म्हटलं त्यांनी आपला वेळ आणि विश्वास दिला. पैशाचं दान करताना आपण आपल्यापासून वेगळी असलेली वस्तू देतो. ह्या लोकांनी स्वतःचं अंग दिलं, तेही दुखत असताना.

विनोबांनी १९३२ साली धुळ्याच्या तुरुंगात रविवारी रविवारी गीतेवर प्रवचनं दिली आणि साने गुरुजींनी ती लिहून घेतली, हे तुम्हाला माहीत आहेच. सतराव्या अध्यायावर बोलताना विनोबा यज्ञ, दान आणि तप ह्यांची फार सुंदर वाटणी करतात. आपण सृष्टी वापरतो, तिची झीज भरून काढायची तो यज्ञ. आपण समाजाकडून घेतो, ते ऋण फेडायचं ते दान. आपलं शरीर वापरून झिजतं, मळतं, त्याच्या शुद्धीसाठी तप. म्हणजे विनोबांच्या दृष्टीने दान हे उपकार नाहीत, ती फेड आहे. माझ्या मनात आलं, मग त्या आजोबांचा हातसुद्धा फेडच असेल का? त्यांच्या घरचं बाळंतपण कुठल्यातरी सिस्टरने केलं असेल, त्यांच्या पोराला कोणीतरी लस टोचली असेल. त्या सिस्टरनेही पहिली सुई कोणाच्या तरी हातावर चुकवलीच असणार. तो कोणीतरी आपल्याला माहीत नाही. साखळी फार लांब आहे.

इथे थांबलो असतो तर चिंतन गोड झालं असतं. पण त्या मुलीने थांबू दिलं नाही. ती म्हणाली, “दादा, हे छान आहे. पण त्या आजोबांनी दिलं. सगळे देतात का? काही जणांना माहीतच नसतं की आम्ही स्टुडंट आहोत. ते आम्हाला सिस्टर म्हणतात. आणि काहींना माहीत असतं, पण ते नाही म्हणायला घाबरतात.”

हा प्रश्न टाळून पुढे जाता येणार नाही. कळव्याचं छत्रपती शिवाजी महाराज रुग्णालय, उल्हासनगरचं सेंट्रल हॉस्पिटल, कल्याणचं रुक्मिणीबाई, डोंबिवलीचं शास्त्रीनगर, अशा सार्वजनिक रुग्णालयांत कोण येतं? दिवा-मुंब्र्याच्या चाळींतली माणसं, भिवंडीच्या यंत्रमागांवरचे कामगार, शहापूर-मुरबाडच्या पाड्यांवरून एसटीने आलेली कुटुंबं. ज्याच्याकडे मेडिक्लेम आहे तो प्रायव्हेटमध्ये जातो आणि ‘सीनियरलाच बोलवा’ असं ठणकावून सांगतो. मीही तेच केलं होतं. ज्याला दुसरीकडे जाता येत नाही, तो हात पुढे करतो. म्हणजे समाजाला ज्या नर्सेस मिळतात, त्यांच्या शिकण्याचा भार सगळ्यात जास्त गरिबाच्या अंगावर पडतो, आणि शिकून तयार झालेले हात कित्येकदा श्रीमंताच्या कॉटशेजारी जातात.

मग ह्याला दान म्हणायचं कसं? जे नाही म्हणू शकत नाही, त्याचं ‘हो’ हे दान असतं का?

पुढचे दोन श्लोक इथे कामाला येतात. सिस्टर रागावतील, औषध वेळेवर मिळणार नाही, ह्या भीतीने कुढत पुढे केलेला हात म्हणजे राजस दान. त्यात देणाऱ्याचा दोष फारसा नाही, घेणाऱ्याने त्याला त्या जागी आणलंय. आणि नाव न विचारता, ‘ए बावीस नंबर, हात दाखव’ म्हणून घेतलेला हात? त्या व्यवहारात मान नाही, तुच्छता आहे. गीतेत ही लक्षणं देणाऱ्याच्या बाजूने सांगितली आहेत, पण घेणाऱ्याची बाजू त्यातच आली असं मला वाटतं. जे दिलंच गेलं नाही ते घेणं म्हणजे तर दानही नाही. त्याला यमनियमांत साधा शब्द आहे. अस्तेय मोडणं. चोरी.

म्हणजे एकच सुई, एकच शीर, एकच चूक. पण ती सात्त्विक देवघेव होती की चोरी, हे कशावर ठरतं? माझ्या मते एका छोट्या वाक्यावर. “आजोबा, मी शिकतेय. मॅडम इथेच आहेत. मी लावू का? नको असेल तर मॅडम लावतील.”

एवढंच. पाच सेकंद लागतात. पण त्या वाक्याने कॉटवरचा माणूस ‘केस’ राहत नाही, तो दाता होतो. त्याच्याकडे काहीतरी आहे, ते तो देऊ शकतो आणि नाकारूही शकतो, हे त्याला कळतं. आणि ह्या वाक्यातला शेवटचा भाग खरा असायला हवा. नको म्हटल्यावर चेहरा पडता कामा नये, नंतर पाणी मागितलं तर उशीर होता कामा नये. नाहीतर विचारणं हे नाटक झालं.

दान घेणाऱ्याला अजूनही बंधनं आहेत. ज्याने हात दिलाय त्याचा हात वाया घालवायचा नाही. लॅबमधल्या रबरी हातावर आळस केला, रात्री वाचलं नाही आणि सकाळी खऱ्या हातावर ‘बघू जमतंय का’ म्हणून सुई उचलली, तर ते घेतलेल्या दानाचा अपमान आहे. दोनदा जमलं नाही तर थांबायचं आणि अनुभवी माणसाला बोलवायचं, हे साधं पथ्य. आपला अहंकार तिसऱ्या सुईत असतो. माझ्या बाबांच्या वेळी ती मुलगी तिसऱ्यांदा सुई उचलत होती, तेव्हा तिला थांबवायला शेजारी कोणी उभंच नव्हतं. मी तिच्यावर ओरडलो. ओरडायचं असेल तर तिला एकटीला पाठवणाऱ्या व्यवस्थेवर ओरडायला हवं होतं. पण ती समोर होती, लहान होती, उलट बोलणार नव्हती. मी ज्या गरिबाच्या बाजूने आता इतकं लिहितोय, त्याच्याइतकीच तीही नाही म्हणू न शकणारी होती. हे मला फार उशिरा कळलं.

आता सगळ्यात अवघड जागा. ज्याला विचारताच येत नाही, त्याचं काय? बेशुद्ध माणूस, बोलू न शकणारा माणूस?

मुंबईच्या केईएममधल्या अरुणा शानबाग तुम्हाला आठवत असतील. त्या स्वतः परिचारिका होत्या. २७ नोव्हेंबर १९७३ ला रुग्णालयातच त्यांच्यावर एका कर्मचाऱ्याने अमानुष हल्ला केला आणि त्यांचा मेंदू कायमचा जायबंदी झाला. १८ मे २०१५ ला त्या गेल्या. मधली जवळजवळ ४२ वर्षं केईएमच्या परिचारिकांनी त्यांना सांभाळलं. ज्या मुली त्या घटनेच्या वेळी जन्मल्याही नव्हत्या, त्यांनी पुढे नर्स होऊन त्यांना भरवलं, पुसलं, कुशीवर वळवलं. दयामरणाच्या याचिकेवर ७ मार्च २०११ ला सर्वोच्च न्यायालयाने निकाल दिला. इतकी वर्षं सांभाळणारे केईएमचे कर्मचारीच त्यांचे खरे जवळचे, त्यांना अरुणा जिवंत हवी आहे, हे न्यायालयाने मानलं आणि याचिका फेटाळली. त्या निकालावर वेगवेगळी मतं आहेत आणि असायला हवीत, कारण अरुणांना स्वतःला काय हवं होतं हे कोणीच विचारू शकत नव्हतं. आज तो वाद मी सोडवायला बसलो नाही. मला दिसतं ते एवढंच की ज्याच्याकडून परतफेडीची काडीइतकीही आशा नाही, अशा माणसाला ४२ वर्षं रोज देत राहणं काय असतं, ते आपल्याच शेजारच्या शहरात घडलंय. विसाव्या श्लोकातला ‘अनुपकारी’ हा शब्द समजून घ्यायला मला ह्याहून मोठं उदाहरण माहीत नाही.

आणि विचारता येत नाही तिथेसुद्धा सांगता येतं. आमची मुलगी म्हणाली की त्यांना पहिल्या वर्षापासून शिकवतात, पेशंट बेशुद्ध असला तरी काय करतोय ते त्याला सांगायचं, कदाचित त्याला ऐकू येत असेल. “आजोबा, कूस बदलतेय हं. आता पाठ पुसते. गार लागेल थोडं.” दर दोन तासांनी कूस बदलायची, पाठीला जखम होऊ नये म्हणून. आणि दर वेळी सांगायचं. उत्तर येत नाही तरी सांगायचं. आपण मूर्तीशी रोज बोलतो की नाही? देवा, आता स्नान, आता वस्त्र, आता नैवेद्य. ती मुलगी पडद्याच्या आत काही वेगळं करत नाहीये. फरक एवढाच की तिथे देवाला खरंच गार लागतं.

मग हे ऋण फेडायचं कसं? मुरबाडचे ते आजोबा आठवड्याभरात घरी गेले. तेव्हा तिचे थिअरीचे वर्ग चालू होते, भेटही झाली नाही. त्यांचं पूर्ण नावही तिला आता आठवत नाही, आणि ह्याचीच तिला टोचणी आहे. मी तिला म्हटलं, ज्याचं घेतलं त्यालाच परत करता येत नाही, अशीच बरीच ऋणं असतात. आपल्याकडे ऋषिऋण म्हणतात. ते ऋषींच्या दारात जाऊन फिटत नाही, शिकून आणि शिकवून फिटतं. आजोबांनी दिलेला हात पुढच्या कॉटवरच्या माणसाला हळू, नीट, विचारून टोचण्यात फिटेल. आणि अजून काही वर्षांनी तुझ्या शेजारी एखादी थरथरणारी मुलगी उभी असेल, तेव्हा तू तिच्यामागे उभी राहशील, तिला एकटीला पाठवणार नाहीस. तिथे फिटेल.

आपल्या कल्याणात जन्मलेल्या आनंदीबाई जोशी आठवा. १४ व्या वर्षी आई झाल्या आणि बाळ थोड्याच दिवसांत गेलं. तिथून वैद्यकीच्या ओढीने फिलाडेल्फियापर्यंत पोचल्या. १८८६ मध्ये पदवी घेतली, आणि २६ फेब्रुवारी १८८७ ला, वयाची २२ वर्षंही पूर्ण व्हायच्या आत गेल्या. कोल्हापूरला नेमणूक झाली होती, ती वाट बघत राहिली. तिकडे शिकताना त्यांनी जे घेतलं ते इथे द्यायला वेळच मिळाला नाही. मग ते ऋण बुडालं का? त्यांच्यामुळे ज्या मुलींनी नंतर घराचा उंबरा ओलांडला, त्यांच्याकडे बघितलं तर तसं वाटत नाही. फेड कधी कधी आपल्या हातून होत नाही, आपल्यानंतरच्या हातांतून होते.

नर्सिंगच्या मुलींचा दीपप्रज्वलनाचा समारंभ असतो. हातात दिवा घेऊन त्या शपथ घेतात. फ्लॉरेन्स नाइटिंगेलच्या नावाने ओळखली जाणारी ती शपथ १८९३ मध्ये अमेरिकेत तयार झाली. त्यात आपण रुग्णासाठी काय करू, ते आहे. रुग्णाने आपल्यासाठी काय केलं, ते नाही. ह्या मुलीला मी म्हटलं, तेवढं एक वाक्य तू मनातल्या मनात जोड.

ती हसली. म्हणाली, “म्हणजे सेवा नाही, असंच ना?”

मी म्हटलं, सेवा आहेच. पण आधी घेतलंस, मग देतेयस. घेतल्याची आठवण ठेवून जे देतो, त्याला ‘मी सेवा केली’ असं म्हणवत नाही. तेवढा ‘मी’ गळला की पुरे.

आता तुमच्यासाठी आणि माझ्यासाठी. आपण काही सगळे नर्स नाही. पण आपण सगळेच कोणाच्या तरी अंगावर शिकलोय. पहिल्या नकाशासारख्या पोळ्या घरच्यांनी मुकाट्याने खाल्ल्या. पहिल्या वर्षी शिकवताना वर्गातल्या पोरांनी आपली गडबड सहन केली. पहिल्या नोकरीत आपल्या चुका कोणीतरी रात्री बसून निस्तरल्या. पहिल्या बाळावर तर आपण आई-बाबा व्हायलाच शिकतो, आणि ते बाळ मोठं होऊन सांगतं तेव्हा कळतं कुठे कुठे सुई चुकली होती. ह्या सगळ्यांनी हात पुढे केला होता. काहींनी आपणहून केला, काहींना आपण विचारलंच नव्हतं.

म्हणून आजचा छोटा अभ्यास. आज रात्री झोपण्याआधी अशा एका माणसाला आठवा, ज्याच्यावर तुम्ही शिकलात. तो जवळ असेल तर एक फोन करा. विचारलं नव्हतंत असं वाटत असेल तर माफी मागा. तो जवळ नसेल, तर उद्या तुमच्यावर जो शिकतोय त्याला शोधा. कॅश काउंटरवर गोंधळलेला नवा मुलगा, ऑफिसातली ट्रेनी, बँकेतला ‘एक मिनिट हं सर’ म्हणणारा नवा क्लार्क. तिथे आपला हात थोडा पुढे करा. म्हणा, सावकाश होऊ दे.

मी काय केलं, तेही सांगतो. ज्या मुलीवर मी ओरडलो होतो तिचं नाव मला माहीत नाही. ती आज कुठेतरी सिस्टर असेल. बाबाही आता नाहीत. त्यामुळे दोघांनाही सांगता येत नाही. पण गेल्या आठवड्यात एका ठिकाणी रक्त द्यायचं होतं, तपासणीसाठी. समोर एक अगदी नवीन मुलगी आली. तिने माझ्या हाताकडे बघितलं, मग मागे कोणी आहे का ते बघितलं. मी बाही वर केली.

म्हटलं, “घाई नाही. दुसरा हातही आहे.”

राम कृष्ण हरी.